चौथीची स्कॉलरशिप : निवडलेले दहा आणि मागं उरलेला वर्ग

शिष्यवृत्ती परीक्षा पुन्हा चौथी-सातवीकडे आणायचं सरकारनं ठरवलं, ही बातमी आपण सगळ्यांनी वाचली. गुरुजी मंडळींच्या ग्रुपवर अभिनंदनाचे मेसेजही फिरले. माझ्या मते निर्णय चांगला आहे. पण लहान पोरांची परीक्षा हा आपल्याकडे जवळजवळ दीडशे वर्षं चाललेला वाद आहे आणि त्यातला मुख्य मुद्दा अजून तसाच पडून आहे. म्हणून जरा सविस्तर लिहून रायलो. पोस्ट लांब आहे, निवांत वाचा.

मुद्दा असा. आठ-नऊ वर्षांच्या पोराची परीक्षा कशासाठी घ्यायची? हुशार कोण ते निवडायला, की कोणाचं कुठं अडलं ते कळायला? आपण तोंडानं दुसरं सांगतो आणि करतो पहिलं.

सुरुवात विलायतेतून करावी लागते, कारण ही पद्धत तिथूनच आली. १८६२ मध्ये इंग्लंडमध्ये रॉबर्ट लो नावाच्या मंत्र्यानं नियम आणला. शाळा तपासायला साहेब येणार, एकेका मुलाचं वाचन, लेखन, गणित घेणार आणि पास मुलं मोजून शाळेला अनुदान मिळणार. मूल नापास झालं की तेवढे पैसे कापले. मग मास्तरांनी काय करावं? त्यांनी पोरांकडून वाचनाचं पुस्तक पाठ करून घेतलं. साहेबासमोर पोरं धडाधड वाचायची, पण पुढचं पुस्तक हाती दिलं की गप्प. मॅथ्यू अर्नोल्ड हा मोठा कवी स्वतः शाळा तपासनीस होता. त्यानं या पद्धतीवर सडकून टीका केली, तरी ती मोडायला तीसेक वर्षं गेली.

तीच निकालावर अनुदानाची पद्धत इकडे मुंबई आणि मद्रास इलाख्यात आली. आपला नागपूर-रामटेकचा भाग तेव्हा मध्य प्रांतात. पण १८८२ चा हंटर आयोग साऱ्या देशाच्या शिक्षणाची चौकशी करायला नेमलेला होता, आणि त्याच्यापुढं १९ ऑक्टोबर १८८२ रोजी पुण्याहून एक निवेदन गेलं. ते जोतीराव फुल्यांचं. प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा ही त्यातली मागणी सगळ्यांना माहीत असते. भाषणात येते, जयंतीला येते. त्याच निवेदनात शिष्यवृत्त्यांबद्दल जे म्हटलंय ते मात्र फारसं कोणी सांगत नाही. जोतीरावांचं म्हणणं थोडक्यात असं होतं : स्पर्धा लावून शिष्यवृत्ती देणं तत्त्वाला धरून न्यायाचं दिसतं, पण त्यानं बाकीच्या वर्गांत शिक्षण पसरत नाही. ज्यांच्यात शिक्षण पोचलंच नाही त्यांच्या वाट्याला काही शिष्यवृत्त्या येतील अशी सोय करा.

हे १८८२ सालचं बोलणं आहे, बरं का. तेव्हा क्लासेस नव्हते, गाईड नव्हतं, ओएमआर शीट नव्हती. तरी ज्याच्या घरी आधीच पाटी-पुस्तक आहे तोच शर्यतीत पुढं निघणार, हे त्या माणसाला स्पष्ट दिसत होतं.

पुढं १९०४ मध्ये खुद्द कर्झनच्या सरकारनं शिक्षणविषयक ठरावात कबूल केलं की परीक्षांचं प्रस्थ वाजवीपेक्षा जास्त झालंय, आणि निकालावर अनुदान बंद झालं. निदान कागदावर तरी.

त्याच्या पुढच्याच वर्षी, १९०५ मध्ये, पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी बुद्धिमापनाची पहिली चाचणी तयार केली. नेहमीच्या वर्गात कोणत्या मुलांना झेपत नाही आणि कोणाला वेगळी मदत लागेल, ते शोधण्यासाठी ती होती. मागं राहिलेल्यांसाठी! ही चाचणी मराठीतही आली. धारवाडचे व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी तिची आवृत्ती बसवली आणि १९४० मध्ये त्यावर पुस्तक काढलं. आज शिष्यवृत्तीच्या दुसऱ्या पेपरात 'बुद्धिमत्ता चाचणी' म्हणून जे येतं, मालिका पूर्ण करा, गटात न बसणारं पद ओळखा, आरशातली प्रतिमा सांगा, ते सगळं याच घराण्यातलं. फक्त काम उलटं झालं. मागच्या बाकावरचं पोरगं शोधायला निघालेली चाचणी पहिल्या बाकावरच्याला हार घालायला वापरली गेली.

आता आपल्या अंगणात या. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. गांधीजी अध्यक्ष. त्यातून डॉ. झाकिर हुसेन यांची समिती निघाली आणि दोनेक महिन्यांत तिनं अहवाल दिला. नई तालीम म्हटलं की आपल्याला तकली आणि चरखा आठवतो. त्या अहवालात परीक्षेवरही लिहिलंय आणि फार कडक लिहिलंय. चालू परीक्षापद्धत शिक्षणाला शाप ठरली आहे, असा सूर आहे. मग शाळा तपासायची कशी? तर शिक्षण मंडळाच्या निरीक्षकांनी काही शाळांतले काही गट निवडून त्यांना काय येतं ते मोजावं. म्हणजे एकेका पोराला पास-नापास न करता शाळेचं काम तपासावं. आज राष्ट्रीय पातळीवर नमुना घेऊन जी संपादणूक सर्वेक्षणं होतात, त्यांची कल्पना आपल्यापासून ऐंशी किलोमीटरच्या आत बसून १९३७ मध्येच लिहून ठेवलेली आहे. नागपूर तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडची राजधानी होती. पुढं मुख्यमंत्री झालेल्या रविशंकर शुक्लांनी विद्यामंदिर योजना आणली, पण युद्ध आलं, मंत्रिमंडळानं राजीनामा दिला आणि गाडी थांबली ती थांबलीच.

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रात जी परीक्षा रुजली ती ही आपली स्कॉलरशिप. चौथीची आणि सातवीची. माझ्या वयाच्या, म्हणजे चाळिशीतल्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या कोणालाही विचारा, चेहरा बदलतो.

मी साधारण १९९० च्या आसपास चौथीत होतो. गावाचं आणि शाळेचं नाव घेत नाही. दिवाळीनंतर गुरुजींनी वर्गातून दहा जण निवडले. संध्याकाळी जादा तास. लाइट गेली की कंदील. पैसे नाहीत, फी नाही. उलट गुरुजींच्या घरून कधी मुरमुरे यायचे. त्या तासाला आम्ही जे शिकलो ते पुस्तकात नव्हतं. प्रश्न दोनदा वाचायचा. 'नाही' शब्द दिसला की त्याच्याखाली रेघ मारायची, कारण 'खालीलपैकी कोणता प्राणी सस्तन नाही' यात निम्मी पोरं तो 'नाही' गिळतात. अडलं की खूण करून पुढं जायचं, तिथंच रडत बसायचं नाही. चार पर्यायांतले दोन उघड चूक असतात, ते आधी खोडायचे. गुरुजी मनगटावरचं घड्याळ काढून खिळ्याला टांगायचे आणि म्हणायचे, "पोट्टेहो, याच्याकडं पायत जा. हे काही कोणासाठी थांबत नाही."

आणि रोजचं टार्गेट. हा शब्द तेव्हा नव्हता, गुरुजी 'आजचा वाटा' म्हणायचे. आज फक्त लसावि-मसाविची पाच गणितं. उद्या पाच. चुकलेलं गणित वहीच्या मागच्या पानावर उतरवायचं आणि शनिवारी ते पान परत सोडवायचं. मागचं पान छोटं होत गेलं की गुरुजी खूश.

आमच्या वर्गात पोरं होती बत्तीस. बाकीची बावीस त्या वेळी घरी किंवा गोठ्यात. माझ्या शेजारी बसणारा मुलगा तोंडी हिशेबात माझ्यापेक्षा वाघ होता. बाजारात बापासोबत भाजी विकायचा, पावशेर-अर्धा किलोचा हिशेब त्याच्या जिभेवर. पण लिहायला हळू, म्हणून दहात आला नाही. जादा तासाच्या आधी खोली झाडून घ्यायचं काम तेवढं त्याच्याकडं होतं. सातवीनंतर त्यानं शाळा सोडली. गुरुजी वाईट नव्हते. निकाल लागला की तालुक्यात शाळेचं नाव शिष्यवृत्तीधारकांच्या संख्येवरून घेतलं जायचं, बत्तीसपैकी कितीजण नीट वाचतात हे कोणी विचारत नव्हतं. गुरुजींनी विचारल्या प्रश्नाचं उत्तर दिलं.

म्हणून मी या परीक्षेबद्दल दोन तोंडानं बोलतो. तिच्यामुळं खेड्यातल्या पोराला परीक्षा कशी द्यायची हे फुकटात शिकायला मिळालं. पण ते वर्गातल्या दहांनाच मिळालं.

१ एप्रिल २०१० ला शिक्षण हक्क कायदा लागू झाला. आठवीपर्यंत नापास नाही, प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत बोर्डाची परीक्षा नाही. महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. कल्पना झकास होती. परीक्षेच्या एका दिवसावर पोराचं भवितव्य टांगू नका, वर्षभर बघत राहा, अडलं तिथं मदत करा. बिने जे म्हणत होते तेच, वर्ध्याला जे लिहिलं त्याच्याच जवळचं.

प्रत्यक्षात काय झालं ते मी बातमीदारीत जवळून पाहिलं. प्रत्येक पोराच्या वर्णनात्मक नोंदी लिहायच्या होत्या. काही महिन्यांत तयार नोंदींची पुस्तकं बाजारात आली. 'वर्गात उत्साहाने सहभागी होतो', 'गणितात रुची घेते' अशी वाक्यं पाहून पाहून उतरवायची. एका शाळेत मी रजिस्टर चाळलं तर सलग अकरा मुलांना 'परिसरातील बदलांची जाणीव' होती. बारावं पोरगं बहुतेक त्या दिवशी गैरहजर असावं.

परीक्षा गेल्या असं लोकांनी धरलं. कायद्यात तसं नव्हतं, चाचण्या होत्याच, पण धरलं. 'पोरगं पासच होनार आहे न बाप्पा, मंग कायले टेन्शन घेता?' हे वाक्य मी पालकांकडून ऐकलं तसं मास्तरांकडूनही ऐकलं. प्रथम संस्थेचा 'असर' अहवाल वर्षानुवर्षं सांगत आला की देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतल्या निम्म्याच्या आसपास मुलांना दुसरीचा उतारा नीट वाचता येत नाही. तिकडं शहरात ज्यांना कळत होतं की पुढं बारावी, नीट, जेईई उभी आहे, त्यांनी पोरांना पाचवी-सहावीपासून फाउंडेशनच्या क्लासला घातलं. घड्याळ लावून सराव, ओएमआर शीट, चुकांचं विश्लेषण, सगळं तिथं मिळतं. हजारो रुपये मोजून मिळतं. आमच्या गुरुजींनी खिळ्याला टांगलेलं घड्याळ तिकडं गेलं.

२०१५ मध्ये स्कॉलरशिपही हलवली, चौथी-सातवीऐवजी पाचवी-आठवी. फेब्रुवारी २०१७ पासून तशी परीक्षा झाली. कारण कायद्यातच होतं, पहिली ते पाचवी आणि सहावी ते आठवी असे टप्पे. पण आपल्याकडच्या बहुतेक खेड्यांत जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंत. पाचवीला पोरगं तालुक्याच्या हायस्कुलात जातं. म्हणजे ज्या गुरुजींनी चार वर्षं घडवलं त्यांच्या हातातून ते सुटलं, आणि ज्यांच्या हाती आलं त्यांना त्याचं नाव पाठ व्हायच्या आत परीक्षा. जिल्हा परिषद शाळांतून बसणारी मुलं घटली. आता परीक्षा परत चौथीला येण्यामागं हेच मोठं कारण आहे, आणि मी निर्णयाला चांगलं म्हणतो तेही याचसाठी. मधल्या काळात कायद्यातही २०१९ मध्ये दुरुस्ती झाली आणि राज्यानं २०२३-२४ पासून पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. नापास झाल्यास फेरपरीक्षा, तीही गेली तर त्याच वर्गात.

दुसरी परीक्षा नवोदयची. ही तर विदर्भाची खास. देशात पहिली दोन नवोदय विद्यालयं १९८५-८६ मध्ये प्रयोग म्हणून सुरू झाली, एक हरियाणात झज्जरला आणि एक आपल्या अमरावतीला. नागपूर जिल्ह्याचं नवोदय पारशिवनी तालुक्यात नवेगाव खैरीला, पेंचच्या धरणाजवळ. पाचवीतल्या मुलांची परीक्षा, जागा जास्तीत जास्त ऐंशी, त्यातल्या किमान पंचाहत्तर टक्के ग्रामीण मुलांसाठी राखीव. बारावीपर्यंत राहणं, जेवण, शिक्षण. शेतमजुराच्या घरासाठी ही लॉटरीच. पण ऐंशी प्रश्न, दोन तास, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. स्कॉलरशिपला तर पंचाहत्तर प्रश्न आणि नव्वद मिनिटं, एका प्रश्नाला बहात्तर सेकंद.

या बहात्तर सेकंदांचा आणि हुशारीचा संबंध किती? थोडा आहे. सवयीचा त्याहून जास्त. मी दोन वर्षांपूर्वी एका केंद्राबाहेर उभा होतो. एक मुलगी बाहेर आली, रडवेली. एक प्रश्न सोडून पुढं गेली होती, पण उत्तरपत्रिकेवर गोल सोडायला विसरली, मग पुढची सगळी उत्तरं एक घर वर सरकली. लक्षात आलं तेव्हा बॉलपेननं काळे केलेले गोल पुसता येईनात. वर्षभर पेन्सिलनं लिहिणारं लेकरू ते, ओएमआर कागद तिनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. गणित तिला येत होतं. बापानं विचारलं, "काहून रडतं? पेपर अवघड होता काय?" ती म्हणाली, "पेपर सोपा होता."

तो कागद झेरॉक्सच्या दुकानात दोन रुपयांत मिळतो.

मी पत्रकारितेचा डिप्लोमा केला, शिक्षणशास्त्राचा नाही. पण या निमित्तानं जे वाचलं त्यातला एक प्रयोग सांगतोच. १९८१ मध्ये अल्बर्ट बांडुरा आणि डेल शुंक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी वजाबाकीत कच्ची आणि गणिताला कंटाळलेली आठ-नऊ वर्षांच्या आसपासची मुलं घेतली. सात बैठका, बेचाळीस पानं. एका गटाला सांगितलं, रोज सहा पानं करायची. दुसऱ्याला सांगितलं, सात बैठकांत मिळून बेचाळीस करायची. तिसऱ्याला आकडा दिलाच नाही. काम सारखंच, पण रोज सहा पानांवाला गट गणितात सगळ्यांत पुढं गेला, आणि नंतर स्वतःहून गणितं सोडवायला बसण्यातही तोच पुढं. मला लगेच गुरुजींचा 'आजचा वाटा' आठवला. त्यांनी बांडुराचं नावही ऐकलं नसेल. आणि आपण पोरांना काय सांगतो? कलेक्टर हो, डॉक्टर हो. ही बेचाळीस पानांहूनही लांबची गोष्ट झाली. चौथीतल्या पोराला कलेक्टर होण्यासाठी आज संध्याकाळी काय करायचं ते कळत नाही.

चाचणीबद्दलही असंच आहे. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक यांनी कॉलेजच्या मुलांवर प्रयोग केला. धडा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा, एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिणाऱ्यांना तो आठवड्यानं जास्त आठवला. म्हणजे चाचणी हा मोजायचा तराजू आहे तसा शिकायचाही रस्ता आहे. अट एवढीच की तिच्यातून कोणाला हार आणि कोणाला झाडू मिळू नये.

हे आपल्या शाळांत जमतं का? जमतं. आमच्याच पट्ट्यातल्या एका दोनशिक्षकी शाळेत गेल्या हिवाळ्यात गेलो होतो. नाव देत नाही, बाईंनी नको म्हटलं. परिपाठानंतर दहा मिनिटं, पाच प्रश्न, तिसरी-चौथी मिळून तेवीस पोरं, सगळीच. फळ्याच्या कोपऱ्यात घड्याळाचं चित्र. ओएमआरचा कागद बाईंनी हातानं आखून झेरॉक्स काढलेला. पोरं आपापल्या वहीत लिहितात : काल किती, आज किती, उद्या किती. दुसऱ्याचे मार्क बघायचे नाहीत, आपलेच कालचे बघायचे. एका मुलाच्या वहीत चार दिवस ओळीनं 'एक' होतं. पाचव्या दिवशी 'दोन', आणि त्याच्या भोवती त्यानं स्वतःच गोल केला होता. मी बाईंना विचारलं, स्कॉलरशिपला यातले किती बसवणार? त्या म्हणाल्या, "चौथीचे अकरा आहेत, अकराही." मग हळू आवाजात, "वरून विचारतात, निकाल पडला तर? मी म्हनलं, पडू द्या."

शिष्यवृत्तीची रक्कम २०२३ मध्ये वाढली, पाचवीला वर्षाला ५,००० झाली. चांगलं झालं. पण ती मिळते यादीत बसणाऱ्यांना, आणि यादी छोटीच राहणार. परीक्षेला बसण्याची तयारी मात्र अख्ख्या वर्गाची करता येते. त्याला नवा शासन निर्णय लागत नाही, निधी लागत नाही.

तर मंडळी, एक काम करा. तुमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत चौथीच्या पटावर किती मुलं आहेत आणि त्यातली किती स्कॉलरशिपला बसताहेत, हे दोन आकडे विचारून मला पाठवा. रामटेक, पारशिवनी, मौदा, जिथून जमेल तिथून. शाळेचं किंवा गुरुजींचं नाव मी छापणार नाही. आकडे जमले की तालुक्याप्रमाणे इथंच टाकतो. आणि कोणाकडं जुन्या चौथीच्या जादा तासाची वही जपून ठेवलेली असेल, तर मागच्या पानाचा फोटो काढून पाठवा.